मीडिया डिप्लोमानंतर इतिहासात डिग्री: इग्नूच्या बीए इतिहासचा सविस्तर रिव्ह्यू

ज्यांना घाई आहे त्यांच्यासाठी निकाल आधीच सांगून टाकते. बारावीनंतर मीडियाचा डिप्लोमा केला असेल, कुठेतरी काम चालू असेल आणि आता इतिहासात डिग्री करावीशी वाटत असेल तर इग्नूचं, म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचं बीए इतिहास ऑनर्स बिनधास्त करा. मी केलंय, आता तिथूनच एमए चालू आहे. पाचपैकी चार स्टार. पण डिप्लोमामुळे एक वर्ष वाचेल हा विचार मात्र मनातून काढून टाका, कारण बहुतेक वेळा वाचत नाही, आणि हे कोणी नीट समजावून सांगत नाही म्हणूनच हा एवढा मोठा रिव्ह्यू लिहायला घेतलाय.

मी पुण्यात एका छोट्या डिजिटल न्यूज टीममध्ये व्हिडिओ एडिटिंग करते. डिप्लोमा एका खाजगी इन्स्टिट्यूटचा, नाव देत नाही. शिकवलं चांगलं त्यांनी, कॅमेरा, स्क्रिप्ट, एडिटिंग, व्हॉइसओव्हर सगळं हातात बसलं आणि त्याच जोरावर नोकरी लागली. पण ॲडमिशनच्या वेळी तिथले काउन्सेलर सगळ्या पालकांना एकच सांगत होते, की हा डिप्लोमा झाला की कुठल्याही युनिव्हर्सिटीत बीएच्या सेकंड इयरला डायरेक्ट प्रवेश. माझ्या आईने सरळ विचारलं, "कुठल्या युनिव्हर्सिटीत ते लिहून द्याल का?" तर त्यावर फक्त "मॅडम, सगळीकडे चालतं" एवढंच उत्तर. लिहून काही मिळालं नाही. आजही अशाच भाषेत जाहिराती दिसतात, पाथवे प्रोग्रॅम वगैरे नावं देऊन, आणि फी लाखाच्या घरात असते, म्हणून मला याचा मनापासून राग येतो. गावाकडून आलेली मुलं, घरात पहिल्यांदाच कोणीतरी कॉलेजला जातंय, त्यांना हे कळणार कसं?

तर आता क्रेडिटचं गणित समजून घ्या. क्रेडिट म्हणजे अभ्यास मोजायचं एकक, ठरावीक तासांच्या अभ्यासाला एक. नवीन शैक्षणिक धोरणात डिग्री मध्येच सोडली तरी हातात काहीतरी राहतं, पहिल्या वर्षानंतर सर्टिफिकेट, दुसऱ्यानंतर डिप्लोमा, तिसऱ्यानंतर डिग्री आणि चौथ्यानंतर ऑनर्स. महाराष्ट्रातल्या विद्यापीठांसाठी शासनाने त्याचे किमान क्रेडिट ४४, ८८, १३२ आणि १७६ असे ठरवलेत. हा जो दुसऱ्या वर्षानंतरचा डिप्लोमा आहे तो विद्यापीठाचा असतो, त्याचे क्रेडिट ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये (एबीसी, क्रेडिट साठवणारं सरकारी ऑनलाइन खातं) जमा होतात, जास्तीत जास्त ७ वर्षं वापरता येतात आणि त्यांच्या आधारावर पुढे त्याच किंवा दुसऱ्या विद्यापीठात शिक्षण चालू करता येतं, अर्थात विषय जुळणं आणि त्या विद्यापीठाचे नियम हे आलंच. खाजगी इन्स्टिट्यूट स्वतःच्या लेटरहेडवर जो एक वर्षाचा डिप्लोमा देते त्याचा या बँकेशी काही संबंध नाही. ती संस्था तिथे नोंदलेलीच नसेल तर क्रेडिट जमा होणार कुठून? म्हणजे डिप्लोमा वाईट असं अजिबात नाही, नोकरीसाठी तो उपयोगी पडतो, पण विद्यापीठाच्या हिशोबात तुम्ही बारावी पास आहात आणि पहिल्या वर्षापासूनच सुरुवात करायची आहे. आणि समजा विद्यापीठाचा खराखुरा मीडिया डिप्लोमा असला तरी त्यातले क्रेडिट इतिहासाच्या मुख्य पेपरांच्या जागी लागणार नाहीत, लागले तर इलेक्टिव्ह म्हणजे ऐच्छिक किंवा स्किलच्या खात्यात.

इग्नूमध्ये हे सगळं सरळ आहे म्हणून मला बरं वाटलं. बारावी पास असणं एवढीच अट, शाखा कुठलीही चालते, वयाचं बंधन नाही. १९८५ साली संसदेच्या कायद्याने सुरू झालेलं केंद्रीय विद्यापीठ आहे, विद्यापीठांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅककडून ए प्लस प्लस मिळालेलं आहे, डिग्री यूपीएससी-एमपीएससीला चालते. दूरशिक्षणाच्या मान्यताप्राप्त डिग्र्या रेग्युलरच्या बरोबरीच्या आहेत हे यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोग) २०२२ मध्ये पुन्हा एकदा स्पष्ट केलंय. नातेवाईकांमध्ये कोणी "करस्पॉन्डन्सची डिग्री का" असं म्हणालं तर हे सांगायचं आणि विषय संपवायचा.

मी ज्या रचनेत केलं ती जुनी, तीन वर्षांतच ऑनर्स देणारी, १४८ क्रेडिटची होती. आता चार वर्षांची नवी रचनाही आलीये, तेव्हा प्रवेश घेताना आपण कुठल्या रचनेत जातोय ते प्रॉस्पेक्टसमध्ये नक्की बघा. माझ्या वेळी इतिहासाचे मुख्य पेपर १४, प्रत्येकी ६ क्रेडिट. त्यातले आठ भारताच्या इतिहासाचे आणि बाकी प्राचीन आणि मध्ययुगीन जगातल्या समाजरचना, आधुनिक पश्चिमेचा उदय, आधुनिक युरोप असे. शिवाय इलेक्टिव्हमध्ये चीन, जपान, पर्यावरणाचा इतिहास, भारतातल्या इतिहासलेखनाच्या परंपरा असे पेपर आहेत. इग्नूच्या हिशोबाने एक क्रेडिट म्हणजे ३० तासांचा अभ्यास, म्हणजे एका पेपरला १८० तास. हे तास नुसते छापायला म्हणून छापलेले नाहीत हो, युरोपचे पेपर पहिल्यांदा वाचताना मला खरंच तेवढे लागले, कारण शाळेत फ्रेंच राज्यक्रांती म्हणजे एक धडा आणि पाच गुणांचा प्रश्न एवढीच ओळख होती.

स्टडी मटेरियल हा इग्नूचा सगळ्यात मोठा प्लस पॉइंट, आणि हे मी मनापासून सांगतेय. ही पुस्तकं गाइडसारखी नाहीत. एखाद्या विषयावर इतिहासकारांचं एकमत नसेल तर वाद काय आहे, कोण काय म्हणतं आणि कशाच्या आधारावर म्हणतं हे मांडलेलं असतं. उदाहरणार्थ अठरावं शतक घ्या. मुघल सत्ता खिळखिळी झाली म्हणजे सगळीकडे अंधार झाला असं आपण शाळेतून शिकून येतो, आणि इथे पहिल्यांदा वाचलं की अनेक इतिहासकारांच्या मते त्याच काळात मराठे, हैदराबाद, अवध, बंगाल अशा प्रादेशिक सत्ता उभ्या राहत होत्या, त्यांचा महसूल, सावकार, बाजारपेठा यांचा विचार केला तर चित्र बरंच वेगळं दिसतं. दोन्ही बाजू समोर ठेवून विद्यार्थ्याला विचार करायला लावलाय. आणि हे सगळं साहित्य ईज्ञानकोशवर, म्हणजे इग्नूच्या ऑनलाइन ग्रंथसंग्रहावर फुकट आहे! प्रवेश न घेताही वाचता येतं. म्हणून कोणी मला विचारलं की आधी काय करू, तर मी म्हणते फॉर्म भरायच्या आधी ईज्ञानकोशवर जाऊन भारताच्या इतिहासाच्या पहिल्या पेपरचे दोन-तीन युनिट वाच, गोडी लागली तरच पुढे जा.

असाइनमेंट. याबद्दल जरा निवांत लिहिते कारण मीडियातून येणाऱ्यांना इथेच सगळ्यात जास्त त्रास होतो. प्रत्येक पेपरला एक असाइनमेंट, १०० मार्कांची, आणि शेवटच्या निकालात तिला ३० टक्के वजन, उरलेले ७० टक्के परीक्षेला. तीन भाग असतात, पहिल्यात ५०० शब्दांची दोन उत्तरं, दुसऱ्यात २५० शब्दांची तीन, तिसऱ्यात १०० शब्दांच्या पाच टिपा. आणि हे सगळं हाताने लिहायचं. दिवसभर कीबोर्डवर काम करणाऱ्या माणसाचा हात सुरुवातीला भरून येतो. पण खरी अडचण हाताची नाही, लिहिण्याच्या पद्धतीची आहे. आम्हाला डिप्लोमात शिकवलं होतं की पहिल्या वाक्यात बातमी, सगळ्यात महत्त्वाचं आधी, बाकी खाली, वाक्यं छोटी. इतिहासाच्या उत्तरात हे चालत नाही. तिथे आधी प्रश्न काय आहे ते मांडायचं, मग कारणं, त्यातलं कुठलं जास्त महत्त्वाचं आणि का, कोणाचं मत वेगळं आहे, आणि मग निष्कर्ष. माझी सुरुवातीची एक उत्तरपत्रिका परत आली तेव्हा तपासणाऱ्या सरांनी समासात लाल पेनाने लिहिलं होतं, "घटना सांगितल्या आहेत, स्पष्टीकरण कुठे आहे?" ते वाक्य मी कापून डेस्कवर चिकटवलंय, आजही आहे. आपण चौदाशे-पंधराशे शब्दांत काय काय घडलं ते सांगू शकतो, पण का घडलं हे सांगायला बसलं की समजतं आपल्याला किती कमी माहिती आहे.

बाजारात तयार असाइनमेंट मिळतात, पीडीएफ पण आणि हाताने लिहून देणारे पण. प्लीज घेऊ नका. सगळं शिक्षण त्या लिहिण्यातच आहे, ते दुसऱ्याकडून करून घेतलं तर मग फी भरायचीच कशाला.

परीक्षा जून आणि डिसेंबरमध्ये. तीन तासांचा पेपर, पास व्हायला बीएला ३५ टक्के आणि एमएला ४०. एका सत्रात जमलं नाही तर पुढच्या सत्रात देता येतो, तीन वर्षांच्या डिग्रीला सहा वर्षांपर्यंत मुदत असते. निवडणुकीच्या काळात आमच्याकडे सुट्टी मिळणं मुश्कील, तेव्हा मी दोन पेपर सरळ पुढे ढकलले, काही बिघडलं नाही. शिफ्टमध्ये काम करणाऱ्यांना रेग्युलर कॉलेजात ही सोय कुठून मिळणार.

आता मीडियाचा डिप्लोमा इतिहास शिकताना कामाला येतो का? क्रेडिट म्हणून नाही, पण कौशल्य म्हणून प्रचंड. आणि उलट दिशेने तर त्याहून जास्त. डिप्लोमात पत्रकारितेचा इतिहास म्हणून एक पान असतं, ६ जानेवारी १८३२, दर्पण, बाळशास्त्री जांभेकर, मराठीतलं पहिलं वृत्तपत्र, पत्रकार दिन, संपलं. इतिहास शिकायला लागल्यावर तेच दर्पण पुन्हा समोर आलं आणि वेगळेच प्रश्न पडायला लागले. शेजारीशेजारी दोन रकाने, एकात मराठी आणि एकात इंग्रजी, ते कोणासाठी? वाचक नक्की कोण होते, साक्षर किती होते, छपाईचा खर्च कुठून निघायचा, आणि १८४० मध्ये ते बंद पडलं त्याच्या पुढच्याच वर्षी भाऊ महाजनांचं प्रभाकर सुरू झालं तर या दोघांच्या मधे मुंबईत काय बदलत होतं? मग प्रभाकरमधली लोकहितवादींची शतपत्रं, मग १८७७ चं सत्यशोधक कृष्णराव भालेकरांचं दीनबंधू, १८७८ चा देशी वृत्तपत्रांचा कायदा, १८८१ ला केसरी आणि मराठा, १९२० ला बाबासाहेबांचं मूकनायक. डिप्लोमात ही नुसती सनावळी होती, आता ती एकमेकांशी बोलणारी, वाद घालणारी माणसं वाटतात. केसरी सगळ्यांना माहीत असतं पण दीनबंधू माझ्या बॅचमध्ये एकालाही माहीत नव्हतं. सत्यशोधकांचा आवाज छापून कसा येत होता हे समजल्याशिवाय मराठी पत्रकारितेचा इतिहास अर्धाच राहतो असं माझं ठाम मत आहे.

कामावर काय फरक पडला ते पण सांगते. दरवर्षी जुलै आला की पुण्यात पानशेतच्या पुराचे व्हिडिओ बनतात, १२ जुलै १९६१. पूर्वी आमच्याकडे व्हॉट्सॲपवर फिरणारे काळेपांढरे फोटो घ्यायचे, खाली दुःखी म्युझिक लावायचं आणि सोडायचं. मागे एकदा मी ते काम घेतलं आणि आधी फोटोच तपासायला बसले. एका फोटोत जी बस दिसत होती ती मला त्या काळातली वाटेना, दुसऱ्यात पाठीमागे जो पूल होता तो पुण्यातला वाटेना. दोन्ही काढून टाकले. मग त्या वेळची वर्तमानपत्रं काढली, आणि नदीकाठच्या पेठांमध्ये लहानपण गेलेल्या आजीआजोबांशी बोलले. एक आजोबा म्हणाले पाणी दुपारनंतर आलं, दुसऱ्या आजी म्हणाल्या सकाळीच पळालो, आणि दोघंही खात्रीने सांगत होते. आधीची मी असते तर जे वाक्य ऐकायला भारी तेच घेतलं असतं, पण मौखिक इतिहासाबद्दल वाचलेलं होतं की आठवण चुकीची म्हणून टाकून द्यायची नसते, माणूस कुठे उभा होता आणि नंतर वर्षानुवर्षं ती गोष्ट घरात कशी सांगितली गेली हे पण बघायचं असतं. खडकवासल्याजवळचा माणूस, पेठेतला माणूस आणि पुलापलीकडचा माणूस, तिघांचा पूर वेगवेगळ्या वेळी सुरू होतो. व्हिडिओत आम्ही दोन्ही आठवणी ठेवल्या, कोण कुठे राहत होतं ते नकाशावर दाखवलं. व्ह्यूज नेहमीएवढेच आले पण खाली लोकांनी आपापल्या घरच्या गोष्टी लिहिल्या, ते मला फार मोलाचं वाटतं.

एमएत इतिहासलेखन हा पेपर आहे, तो तर न्यूजरूममधल्या प्रत्येकाने वाचावा असं मला वाटतं. सामान्यीकरण म्हणजे काय, कारण कशाला म्हणायचं, वस्तुनिष्ठता शक्य आहे का, विचारसरणी इतिहासात कशी शिरते, यावर स्वतंत्र युनिट आहेत. आम्ही रोज "तज्ज्ञांच्या मते" आणि "लोकांमध्ये संताप" असं लिहितो, किती लोक, कुठले तज्ज्ञ, हे विचारायची सवय मला या पेपरने लावली.

आता जे खटकतं ते. पहिलं म्हणजे मराठीतून नाही. इंग्रजी किंवा हिंदी. मी इंग्रजीत वाचलं आणि बऱ्याच संज्ञा मनात मराठीत लावून घेतल्या, पण मराठी माध्यमातून आलेल्यांना पहिले सहा महिने जड जातात हे खरं आहे. दुसरं, महाराष्ट्राचा इतिहास अखिल भारतीय अभ्यासक्रमात जेवढा बसतो तेवढाच येतो, त्यामुळे ज्याला शिवकाल, पेशवाई किंवा सत्यशोधक चळवळ यात खोल जायचंय त्याने बाहेरून वाचायलाच हवं. पुण्यात असाल तर भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, राजवाड्यांनी १९१० मध्ये स्थापन केलेलं, पेशवे दफ्तर सांभाळणारं पुराभिलेखागार आहे, मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतलं राज्य पुराभिलेखागार आहे. जुनी मराठी कागदपत्रं ज्या लिपीत आहेत ती मोडी शिकून घ्या, शक्य तितक्या लवकर. माझं मोडी अजून अडखळत चालतं, तरी एखादं साधं पत्र लागलं की जो आनंद होतो तो सांगता येत नाही. तिसरं, एकटेपणा. अभ्यास केंद्रावर सुट्टीच्या दिवशी समुपदेशनाचे वर्ग असतात, जमेल तसे जा, पण कॉलेजसारखा रोजचा कट्टा, वाद, चहा हे नाही. आम्ही चौघी-पाच जणांनी ऑनलाइन ग्रुप केला आणि रविवारी रात्री एक युनिट घेऊन बोलायचं ठरवलं, त्यानेच खरं तर निभावलं.

ज्यांना मराठीतूनच करायचंय त्यांनी नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाकडे बघा, १९८९ पासून आहे, बीएला इतिहास विषय घेता येतो आणि पुस्तकं मराठीत. माझी मावशी संसार आणि दुकान सांभाळून तिथून बीए झाली. ज्यांची मीडियातली तीन वर्षांची डिग्री आधीच झालीये, म्हणजे मुंबईचं बीएमएम किंवा आताचं बीएएमएमसी वगैरे, त्यांनी पुन्हा बीए करत बसायची गरज नाही, इग्नूच्या एमए इतिहासाला कुठल्याही शाखेचा पदवीधर चालतो. आणि ज्यांनी अजून काहीच केलं नाही, नुकती बारावी झालीये आणि दोन्ही आवडतं, त्यांच्यासाठी तर माझं मत असं की आधी डिप्लोमा मग डिग्री असं एकामागे एक करूच नका. २०२२ पासून यूजीसीने एकाच वेळी दोन कोर्स करायला परवानगी दिलीये, एक प्रत्यक्ष वर्गातला आणि एक दूरशिक्षणाचा असं चालतं. दिवसा मीडियाचा कोर्स, बरोबरीने इग्नूचं इतिहास, तीन वर्षांनी दोन्ही हातात. किंवा आधी इतिहासाचं बीए आणि मग पत्रकारितेचा पदव्युत्तर डिप्लोमा, तो इग्नूचाही आहे, पदवीधरांसाठी.

पैशाचं म्हणाल तर माझ्या खाजगी डिप्लोमाच्या फीपुढे इग्नूची तीन वर्षांची फी अगदीच किरकोळ होती, हजारांमध्ये. एक स्टार कमी केला तो मराठी नसल्याबद्दल, आणि त्यावर मी तडजोड करणार नाही, महाराष्ट्रातून एवढी मुलं फॉर्म भरतात तर निदान भारताच्या इतिहासाची पुस्तकं तरी मराठीत यायला हवीत.

प्रवेश वर्षातून दोनदा होतात, जानेवारी आणि जुलै सत्राचे. एबीसी आयडी, म्हणजे त्या क्रेडिट बँकेतला तुमचा नंबर, डिजिलॉकरवरून आधीच काढून ठेवा, बारा अंकी असतो. आणि कुठलीही संस्था तुम्हाला डिप्लोमानंतर थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश म्हणत असेल तर त्यांना विद्यापीठाचं नाव, किती क्रेडिट मान्य होणार आणि कुठल्या नियमाने, हे तिन्ही कागदावर मागा आणि त्या विद्यापीठात स्वतः फोन करून विचारा, फी त्यानंतर भरा. कोणाला असाइनमेंटच्या पद्धतीबद्दल किंवा कुठला इलेक्टिव्ह घ्यावा याबद्दल विचारायचं असेल तर खाली विचारा, शिफ्ट संपल्यावर उत्तर देते.